माकडाने फोडलेला दगड आणि आदिमानवाचं हत्यार: फरक ओळखायचा कसा?

नदीकाठ
ब्राझीलच्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानातली कॅपुचिन माकडं खडकात रुतलेल्या गोट्यांवर हातातला दगड आपटतात आणि त्यातून धारदार कपच्या उडतात, हे २०१६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. २०२३ मध्ये थायलंडच्या फांग न्गा भागातल्या लांब शेपटीच्या माकडांबद्दलही असाच शोधनिबंध आला. मग केनिया-इथिओपियात सापडलेल्या २६ किंवा ३३ लाख वर्षांपूर्वीच्या दगडांना 'मुद्दाम घडवलेली हत्यारं' कशाच्या जोरावर म्हणायचं? हातात एक तुकडा असेल तर नेमकं काय बघायचं? आणि माकडालाही हे जमत असेल, तर दगड फोडणं हा बुद्धीचा पुरावा राहतो का?

गारगोटी
एका कपचीवरून 'हे माणसाचं' असं सांगता येत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. बारीक कणाच्या दगडावर काठाजवळ जोराचा फटका बसला की तो ठरावीक पद्धतीनेच फुटतो. हात कोणाचा, याच्याशी दगडाला देणंघेणं नाही.

कपचीवर तीन गोष्टी बघा. फटका बसला ती लहानशी सपाट जागा, तिच्या लगेच खाली आतल्या बाजूला आलेला फुगवटा, आणि तिथून पसरत गेलेल्या वक्र लाटा. तिन्ही असतील तर तुकडा एका जोरदार आघाताने निघालाय. उन्हाने किंवा आगीने उडालेल्या टवक्याला असा फुगवटा नसतो, तिथे वाटीसारखा खळगा पडतो. नदीत आपटून निघालेल्या तुकड्यावर फुगवटा असू शकतो, पण काठ झिजलेले असतात आणि खाचा वेगवेगळ्या वयाच्या दिसतात: एक ताजी, दुसरीवर झिलई, तिसरीवर पूर्ण साल (हवापाण्याने बनलेला वरचा थर) धरलेली.

खरी माहिती मिळते ती उरलेल्या दगडातून, म्हणजे गाभ्यातून. फटका मारायची जागा आणि टवका निघणारी बाजू यांच्यातला कोन ९० अंशांच्या आत हवा, ७०–८० असेल तर उत्तम. कोन नव्वदकडे गेला की काठ चुरडतो, टवका अर्ध्यावर तुटतो आणि गाभ्यावर पायरी राहते. पायरी आली की पुढचा फटकाही तिथेच अडतो. जाणकार घडवणारा इथे गाभा फिरवतो आणि नवा कोन शोधतो. माकडाला कोनाशी कर्तव्य नसल्यामुळे ते त्याच जागी आपटत राहतं. त्या दगडावर भरपूर ठेचल्याच्या खुणा आणि मधूनच एखाददुसरी टवक्याची खाच, असं चित्र दिसतं.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तुकडे परत जुळवणं. सगळा माल, अगदी चुरासुद्धा, बारीक चाळणीतून काढायचा. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि सापडलेली जागा टाकायची. रंग, कण आणि साल बघून गट पाडायचे, मग फुगवटा कुठल्या खाचेत बसतो ते शोधायचं. चाळण जाड असली किंवा पाण्याने बारीक माल वाहून नेला असला तर मधले टप्पे गळतात आणि क्रम लागत नाही. केनियाच्या पश्चिम तुर्कानातल्या लोकालालेई २सी या सुमारे २३ लाख वर्षांपूर्वीच्या जागी असं जुळवल्यावर दिसलं की एकाच गाभ्यावरून लागोपाठ टवके काढलेत आणि कोन शेवटपर्यंत सांभाळलाय. हे चुकून होत नाही.

खडकवासी
गारगोटी यांच्याशी बहुतांशी सहमत, पण गाभ्याचा निकष वाटतो तितका सरळ नाही. कॅपुचिनच्या काही दगडांवरही एका दिशेने, ओळीने लागोपाठ टवके उडालेले आहेत. २०१६ च्या निबंधाची खरी गोम तीच आहे: तेव्हाच्या व्याख्या लावल्या तर हे दगड हत्यार म्हणून पास होतात.

थायलंडचं प्रकरण वेगळं आहे. तिथली माकडं दगडाच्या ऐरणीवर तेलताडाच्या बिया फोडतात. फटका चुकला की दगड दगडावर आदळतो आणि टवका उडतो. माकड बी खातं, टवक्याकडे ढुंकूनही बघत नाही. अशा हजाराहून जास्त तुकड्यांचा अभ्यास झाला, आणि त्यातल्या टवक्यांची मापं आफ्रिकेतल्या काही जुन्या संचांशी जुळली. म्हणजे बी फोडणाऱ्या जागेवर धारदार कपच्यांचा ढीग आपोआप साठतो.

याची झळ बसते ती पेद्रा फुरादा या उत्खननाच्या जागेला. तीही त्याच कापिव्हारा उद्यानात. तिथले गोटे ५०,००० वर्षांपूर्वीच्या माणसांचे आहेत हा दावा जुना, आणि आता ते कॅपुचिनचे असू शकतात असं काही संशोधक उघड म्हणतात. त्या उद्यानात कॅपुचिन किमान ३,००० वर्षं दगड वापरताहेत, हे उत्खननातून सिद्ध झालंय. माझ्या मते तिथे पुराव्याची जबाबदारी आता 'माणूस' म्हणणाऱ्यांवर आहे.

लोमेक्वी ३ (केनिया, ३३ लाख वर्षं) मात्र मी इतक्या सहज माकडछाप म्हणणार नाही. तिथल्या गाभ्यांचं वजन सरासरी तीन किलोच्या आसपास, ऐरणी पंधरा किलोपर्यंत. नंतरच्या ओल्डोवान (सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीपासूनची दगडी हत्यारांची परंपरा) काळातले गाभे साधारण मुठीत मावणारे. एवढा जड दगड दोन्ही हातांनी उचलून ऐरणीवर हाणायचा, ही पद्धत बी फोडण्याच्या फार जवळची आहे. फोडता फोडता धारेकडे लक्ष गेलं असेल, तर तो टप्पा असाच दिसला असता.

कपिकुल
दोघेही दगडावरच अडकलात. आजूबाजूला काय आहे ते बघा.

एक, दगड आला कुठून? केनियात कांजेरा साउथला (सुमारे २० लाख वर्षं) जवळपास तीस टक्के माल १० किलोमीटरहून लांबचा आहे. माकडं जवळपासचाच दगड उचलतात. दोन, निवड. इथिओपियात गोनाला २६ लाख वर्षांपूर्वी नदीतल्या सरमिसळ गोट्यांतून नीट फुटणारे, बारीक कणाचे दगड वेचलेले दिसतात. तीन, वापर. न्यायांगाला (केनिया, २६ ते ३० लाख वर्षं) पाणघोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आणि त्याच जागी ओल्डोवान दगड. आणि गंमत म्हणजे तिथे सापडलेले दात पॅरान्थ्रोपसचे, म्हणजे आपल्या थेट पूर्वजांचे नव्हेत. हत्यार म्हणजे होमो (आपला मानवी गट), हे समीकरण तिथेच डळमळतं.

बुद्धीबद्दल. कांझी या बोनोबोला (चिंपांझीचा जवळचा नातलग) १९९० पासून निकोलस टॉथ आणि कॅथी शिक या संशोधकांनी दगड फोडायला शिकवलं. बक्षिसाच्या पेटीची दोरी कापायची होती. धार हवी हे त्याला नीट कळलं, पण त्याचा आवडता उपाय म्हणजे दगड टणक जमिनीवर फेकणं! आखूड अंगठा आणि झाडावर लोंबकळायला बनलेलं मनगट यामुळे नेमका तिरपा फटका बसत नव्हता. टवके निघाले ते लहान, काठ ठेचलेले. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या प्राणिसंग्रहालयात अप्रशिक्षित ओरांगउटानांना दगड दिले. त्यांनी आपणहून हातोडा भिंतीवर आणि जमिनीवर आपटला, आणि माणसाने केलेली कपची हाती दिल्यावर एकाने तिच्या धारेने कापलंही. पण 'आधी पाडू, मग त्यानेच कापू' ही साखळी जुळली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात २५ नवख्या माणसांनी, कोणीही करून न दाखवता, सुरुवातीची तंत्रं एकेकट्याने शोधून काढली.

तेव्हा फरक टवका पाडण्यात नाही. बी फोडताना लक्ष्य समोर असतं. हत्यार घडवताना आधी एक वस्तू करायची, जिचा लगेच काही फायदा नाही, आणि नंतर ती तिसऱ्याच गोष्टीवर वापरायची. शिवाय गरजही लागते. पश्चिम आफ्रिकेतल्या ताई आणि बोसू या ठिकाणांचे चिंपांझी आईशेजारी बसून वर्षानुवर्षं बी फोडायला शिकतात, तरी पायाशी पडलेली कपची उचलत नाहीत. लहान शिकार हाताने आणि दातांनी फाटत असेल तर धार हवी कशाला? जाड कातड्याच्या मोठ्या मेलेल्या जनावरापाशी ज्याला जायचं आहे, त्याला धारेची किंमत कळणार.

नदीकाठ
उत्तम माहिती. पोटप्रश्न: प्रवरा-गोदावरीच्या काठी सापडणाऱ्या दगडांबाबत माकडांची शंका घ्यायची का?

गारगोटी
नको. आपल्याकडची लालतोंडी माकडं किंवा वानर दगडावर दगड आपटून फोडतात अशी नोंद नाही. नेवाशाजवळच्या चिरकीला मिळालेल्या हातकुऱ्हाडी दोन्ही बाजूंनी घडवलेल्या आहेत, तसं चुकून होत नाही. तिथे फसवते ती नदी. शिवाय आपला काळा दगड, म्हणजे दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट, वरून कुजतो, फुगवटा आणि खाचा पुसट होतात. म्हणून तिरप्या उन्हात, दहापट भिंगाखाली बघा. दगड उचलू नका. पट्टी ठेवून सगळ्या बाजूंचे फोटो घ्या, जीपीएस टिपा, तो वाळूच्या कुठल्या थरात होता ते लिहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. थरातून उपटलेल्या दगडाचं वय नंतर कोणालाच काढता येत नाही.