मदत हवी आहे: पुणे ते ग्वाल्हेर, ४ वर्षांचा मुलगा आणि १० महिन्यांची मुलगी

सोनचाफा: २४ डिसेंबरला ग्वाल्हेरला नणंदेकडे जायचं आहे, आठवड्याने परत. आम्ही दोघं आणि दोन मुलं. मुलगी पावडरच्या दुधावर आहे, मऊ खाणंही खाते. झेलम घ्यावी की गोवा एक्सप्रेस? मुलासाठी वेगळा बर्थ काढावा का? दुधाची सोय कशी करायची? तिथल्या थंडीचंही सांगा.

रूळवाट: जाताना झेलम, येताना गोवा. झेलम पुण्यातूनच सुटते, संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी उतरता. गोवा एक्सप्रेस पुण्यात पहाटे येते आणि ग्वाल्हेरला मध्यरात्रीनंतर पोचते. झोपलेली मुलं आणि सामान घेऊन त्या थंडीत उतरणं नको. परतीला गणित उलटं होतं. झेलम जम्मूहून येते, म्हणजे पंजाब-हरियाणाचं धुकं ओलांडून ग्वाल्हेरला येईपर्यंत ती बरेचदा उशिरा असते. गोवा दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनहून सुटते, त्यामुळे वाटेत उशीर साचायला अंतरच कमी. मात्र तीच गाडी दिल्लीला जाताना रखडली तर परतीला तिची सुटण्याची वेळही पुढे ढकलतात. स्टेशनवर जाण्याआधी गोवा कुठवर आली ते बघा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. २४ डिसेंबरसाठी २५ ऑक्टोबर, सकाळी ८ वाजता.

५ वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर भाडं लागत नाही, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. तुम्ही बर्थ घ्याच. दोन बर्थवर चौघं म्हणजे रात्रभर कोणीच झोपत नाही. मुलाचं नाव प्रवाशांच्या यादीत भरा, मुलीचं शिशूंच्या रकान्यात. 'किमान १ लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट' हा पर्याय निवडा. २ लोअरची अट सुट्टीच्या गर्दीत घालू नका, पूर्ण झाली नाही तर तिकीटच निघत नाही.

परवडत असेल तर टू एसी. थ्री एसीत रात्री १० ते ६ मिडल बर्थ उघडला की खाली ताठ बसून बाळाला पाजता येत नाही. थ्री एसीच मिळाला आणि लोअरच्या वरचा मिडलही तुमचाच असेल, तर तो उघडू नका. मोकळी जागा झोपेपेक्षा मोलाची ठरते. मुलीला भिंतीकडे झोपवा, कडेला मोठं माणूस.

दूधभात: दुधाचं. पावडर एकेका वेळेची मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरा, चालत्या गाडीत चमचे मोजताना चूक होते. उकळलेलं पाणी दोन थर्मासमध्ये न्या. एक गरम, दुसरा उकळून गार केलेल्या पाण्याचा, बाटली पाजण्याइतकी कोमट करायला. बाटली दर वेळी ताजी बनवा, उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. विजेची किटली गाडीत चालत नाही, शिवाय रात्री ११ ते ५ चार्जिंगचे प्लग बंद ठेवतात. धुक्यासाठी ८ ते १० तासांचं दूध, पाणी, डायपर जास्तीचे हवेतच. बाटल्या घासत बसण्यापेक्षा उकळलेल्या चार-पाच घेऊन जा.

दोन्ही मुलांसाठी मऊ दशम्या उत्तम, दुधात भिजवलेल्या कणकेच्या. मुलीला वर्ष होईपर्यंत मध नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मुलालाही गाडीत देऊ नका, धक्का बसला की घशात अडकतात. कपातला चहा खिडकीजवळच्या टेबलावर ठेवू नका.

ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलीचं. कोणतं घेतलंय ते बघूनच पाणी घाला, दाट झालं तर अपाय होतो. तापाच्या औषधात ड्रॉप्स आणि सिरपची तीव्रता वेगळी असते. मुलांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा बाटलीवरच लिहून घ्या. डायपर शौचालयात टाकू नका, बायो-टॉयलेट तुंबतं.

किल्लेकर: ग्वाल्हेरच्या थंडीचं. पुण्याचा स्वेटर पुरत नाही, पण एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे. आत सुती, वर लोकरी, बाहेर वारा अडवणारं. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, त्यामुळे आतही गारठा असतो. मुलीला मोठ्यांच्या रजईत झोपवू नका, तोंडावर येते. अंगभर उबदार कपडे घालून वेगळं झोपवा, झोपेत टोपी काढा. सगळ्यात महत्त्वाचं: कोळशाची सिगडी (तिकडे अंगीठी) बंद खोलीत रात्रभर ठेवू देऊ नका. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. नणंदबाईंना आधीच फोनवर सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर सांगणं अवघड जातं.

सोनचाफा: मनापासून आभार. मुलाला बस लागते, ट्रेनमध्येही त्रास होईल का?

रूळवाट: बसपेक्षा कमी. गाडीच्या दिशेला तोंड करून खिडकीशी बसवा, हातात मोबाईल किंवा चित्रांचं पुस्तक नको, पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. जास्त त्रास स्टेशन ते घर या रिक्षात होऊ शकतो. प्लास्टिकची पिशवी आणि एक जोड कपडे बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.