मदत हवी आहे : शाळेच्या स्वयंसेवकांचे आभार कसे मानावेत?

ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका मराठी शाळेत पालक संघाचं काम बघते. वर्षभर दर शनिवारी 11 जण दुसरी ते चौथीच्या मुलांकडून वाचन करून घेतात. बहुतेक निवृत्त आजी-आजोबा, दोन कॉलेजचे विद्यार्थी आणि एक रिक्षावाले दादा, जे धंद्याची वेळ सोडून येतात. एकानेही मानधन घेतलेलं नाही.

गेल्या वर्षी शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह दिलं. एक आजी नंतर प्रेमाने म्हणाल्या, "अगं, कपाटात आता जागा नाही." मुलांकडून पत्रंही लिहून घेतली होती, पण बाईंनी फळ्यावर मजकूर दिला आणि सगळी पत्रं सारखीच झाली. त्याचं मला फार वाईट वाटलं. कारण ज्या मुलाला जोडाक्षरं अडायची, तो आज अख्खं पान वाचतो. हे त्या आजींपर्यंत त्याच्याच शब्दांत पोचायला हवं.

बजेट एकूण 2500 रुपये. पैसे किंवा कूपन नको. तिघांना मधुमेह आहे, त्यामुळे मिठाईही नको. दोघांना स्टेजवर यायला अजिबात आवडत नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असल्याने मुलांकडे दोनच तास मिळतील. जांभळी नाक्यावरून कागद, कापड आणणं सहज जमेल.

सात ते दहा वर्षांच्या मुलांकडून मनापासूनचं, प्रत्येकासाठी वेगळं असं काही दोन तासांत करून घ्यायला नेमकं काय विचारावं, कसं सुचवावं? कुणी केलंय का?