आईच्या खोलीत वारलीची भिंत करायची आहे: ओल आणि गेरूबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

ठाण्यात राहते. दिवाळीपासून आई माझ्याकडे आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालणं बेतानंच, त्यामुळे दिवसाचे बरेच तास ती पलंगावर बसून असते. समोर १० फूट रुंद, ९ फूट उंच अशी रिकामी पिस्ता रंगाची भिंत. तिच्याशी बोलताना मलाच त्या भिंतीचा त्रास व्हायला लागला आहे.

आईची सगळी नोकरी डहाणू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. कारवीचा कूड, वरून शेणमातीचं लिंपण, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं, अशी घरं तिनं वर्षानुवर्षं पाहिली. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं, हा माणूस तिनं मला पाटीवर काढायला शिकवला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तेव्हा समोरची भिंत पूर्ण गेरूच्या रंगाची करून तिच्यावर तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य), ताडाची झाडं, भातलावणी असं काढायचं मनात आहे. रंगारी बोलवायचा नाही. मी, नवरा आणि आठवीतली मुलगी मिळून करणार आहोत. चित्रं थोडी वाकडी आली तरी चालतील, पण भिंत टिकली पाहिजे.

अडचणी अशा:

भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. खाली डाव्या कोपऱ्यात दीडेक फूट उंचीपर्यंत पोपडे आलेत आणि पांढरा खार फुटलाय. एकानं सांगितलं की खरवडून पुट्टी मारा, झालं. मागच्या वर्षी नेमकं तेच केलं होतं, पावसाळा संपायच्या आत पुट्टी फुगून खाली आली.

आत्ता भिंतीला डिस्टेंपर आहे. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. यावर थेट नवा रंग देता येईल का?

मला खरा गेरू लावायचा होता. तो टिकेल का?

आणि एक शेवटचं. मध्यभागी लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नघरात भिंतीवर काढतात तो चौकोन, काढावा असं मला वाटत होतं. आईला दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "चौक नको काढूस. तो लग्नाचा असतो, त्यात पालघट देवी बसते. आपण शोभेला नाही काढायचा." ती एका विद्यार्थिनीच्या बहिणीच्या लग्नाला गेली होती. सुवासिनी चौक काढत होत्या आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत होती, ते ती आजही सांगते. मग मधे काय घ्यावं?

मुक्कामपोस्ट

आधी ओल. पुट्टी हे ओलीवरचं औषध नाहीच. प्लास्टिकचा फूटभर चौकोन कापून भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, २४ तास ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेची. पोपड्यांपाशी एक आणि चार फुटांवर एक असे दोन तुकडे लावा. तुमचं वर्णन वाचून तरी बाथरूमच्या फरशांचे सांधे किंवा भिंतीतला नळ गळत असणार. सांधे कोरून नव्यानं भरून घ्या. त्यानंतर भिंत पूर्ण वाळायला महिना-दोन महिनेही लागतात. तोवर तिच्यावर चित्र काढू नका, मेहनत वाया जाईल.

भुकटी येणारा डिस्टेंपर मात्र पूर्ण काढावाच लागतो. पाणी मारायचं, मऊ पडला की पत्तीनं खरवडायचा, मग ओल्या स्पंजनं पुसायचा. वाळल्यावर खड्डे भरून १२० नंबरचा आणि नंतर २२० चा पॉलिश पेपर, मग प्रायमर. खरवडताना आणि घासताना आईंना त्या खोलीत ठेवू नका, तुम्हीही मास्क लावा. भुकटीवर रंग दिलात तर तो भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही.

रानजाई

गेरूबद्दल. आम्ही तुळशीवृंदावनाला दरवर्षी लावतो. मातीचं लिंपण गेरू पिऊन घेतं, सिमेंट-पुट्टीची भिंत नाही पीत. डिंक घातला तरी हात लागला की तांबडा होतो, आणि खोलीत आजारी माणूस असताना तशी भुकटी नको. गेरूचा खडा कागदावर ओला करून घासा, वाळू द्या आणि तो कागद घेऊन रंगाच्या दुकानात जा. मशीनवर तीच छटा मिळवून देतात. मॅट इमल्शनच घ्या, चकाकी आली की वारली मरते. गेरूचा तांबडा मुळात लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्या जातीचा रंग छान झाकतो, दोन हात पुरतात.

पांढऱ्यासाठीही साधं पांढरं इमल्शन, किंचित पाणी घालून. बारीक गोल ब्रश ० आणि २ नंबरचे. रेघ चुकली की ओल्या फडक्यानं लगेच टिपा, वाळली असेल तर वरून तांबड्याचा ठिपका द्या. त्यासाठी तांबडा रंग वाटीभर बाटलीत राखून ठेवा. आणि वरून खाली काढत या, म्हणजे हात ओल्या रेघांवर घासत नाही.

चौकाबाबत आईंचं ऐका, हे मनापासून सांगते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नविधीच्या बाहेर कागदावर, कापडावर आणली (त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली), त्यामुळे घरात वारली चित्र काढण्यात वावगं काही नाही. पण चौक ही पूजेची जागा आहे. मधे तारप्याचं कडं घ्या. तारपावाला मध्यावर, त्याच्याभोवती हात गुंफलेली माणसं शंखासारखी फिरत गेलेली. बोथट खिळ्याला दोरा बांधून खडूनं वळणं आखा. दोरा खिळ्याभोवती गुंडाळत गेला की वळण आपोआप आत येतं.

मुक्कामपोस्ट

एक सुचतंय. हीच भिंत कशाला? पलंग फिरवता येत असेल तर कोरडी भिंत निवडा.

धागाकर्ती

किती वेळा त्या खोलीत उभी राहिले, पण पलंग फिरवायचं सुचलंच नाही! काल संध्याकाळी दोघांनी तो सरकवला. आता समोर बैठकीच्या खोलीकडची भिंत आहे, ९ फूट रुंद, कुठंही पोपडा नाही. तरी प्लास्टिक लावलंय, एक इथं आणि एक जुन्या कोपऱ्यात. जुन्या कोपऱ्यातलं आज सकाळीच आतून घामेजलंय. प्लंबरला शनिवारी बोलावलं आहे.

आईला तारप्याचं कडं पसंत पडलं. ती म्हणाली, नाचणाऱ्यांची पाठ तारप्याकडे होऊ देऊ नकोस. आणि शेवटच्या माणसामागे एक लहान पोर काढ, ते नेहमी मागे धावत असतं.

आता एकच विचारायचं आहे. ती पलंगावर बसून बघणार, म्हणजे तिची नजर जमिनीपासून साडेतीन फुटांवर येते. कड्याचा मध्य तेवढ्यावर ठेवू, की थोडा वर? भिंतीपासून पलंग सात फूट लांब आहे.

रानजाई

चार फुटांवर ठेवा आणि कडं साडेचार फूट व्यासाचं घ्या. खाली भातलावणी बसेल, वर झाडं आणि डोंगर. आधी खडूनं काढून आईंना पलंगावर बसवून दाखवा, मगच ब्रश उचला. आणि ते पोर आईंच्याच हातून काढून घ्या. पाट मांडून खुर्ची पुढे घेतली तर त्यांचा हात पोचेल.