अनुभव धागा: सिस्टर, तुमच्या पाळीतलं न दिसणारं काम सांगा

धागाकर्ती (मेडिसिन वॉर्ड, १४ वर्षं)

परवा लोकलमध्ये शेजारच्या ताईंनी विचारलं, "नर्स ना तुम्ही? म्हणजे इंजेक्शनं देता." दादर येईपर्यंत मी सांगत होते, तरी निम्मंही सांगून झालं नाही. म्हणून हा धागा. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा केलेल्या असा की बीएससी, सरकारी असा की खासगी, सगळ्यांनी लिहा. पेशंट आणि नातेवाइकांनीही लिहा. फक्त हॉस्पिटलचं नाव आणि पेशंटची ओळख देऊ नका.

सुरुवात मीच करते. पाळी सुरू होते ती ओव्हर घेण्यापासून, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून पेशंटचा ताबा घेण्यापासून. नुसती वही वाचून घेतलेला ओव्हर मला पटत नाही, मी प्रत्येक खाटेपाशी जाते. चादर सारून सलाईनची जागा सुजली आहे का ते बघते. युरोबॅगेत लघवी किती, रंग कसा, तेही बघते. एकदा वहीत लिहिलं होतं, "पेशंट झोपलेला आहे." मी आजोबांना हाक मारली. डोळे उघडले, पण जीभ जड, अंग घामाने ओलं. रक्तातली साखर तपासली तर ३८, धोकादायक कमी. डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगताच शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिलं. काही मिनिटांत आजोबांनी विचारलं, "चहा आला का?" त्या दिवसापासून झोपलेल्या पेशंटला हाक मारल्याशिवाय मी ओव्हर घेत नाही. कुणाची झोपमोड झाली तरी चालेल.

आयसीयू, रात्रपाळी

साखरेवरून आठवलं, आणि हे लिहिताना आजही हात थरथरतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्याही येतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही वेगवेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. एका पेशंटच्या मुलाने घरून बाटली आणून दिली. मी सवयीने लाल टोपीची सिरिंज घेतली आणि दहा रेघा भरल्या. सोबतच्या सिस्टरला दाखवायला गेले तेव्हा तिने बाटली दिव्याखाली धरली. १०० ची होती. दहाऐवजी पंचवीस युनिट गेलं असतं.

इन्सुलिन दोघींनी बघायचं हा नियम मला कॉलेजात पाठ होता. त्या रात्री तो माझा झाला. चूक लपवली नाही, सकाळी इन्चार्ज सिस्टरना सांगितली. त्या रागावल्या नाहीत. घरून आलेल्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात आकडा लिहायची पद्धत त्यांनी त्याच दिवशी सुरू केली.

ब्रदर (सर्जरी वॉर्ड)

रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं मी खाटेपासून हलत नाही. नातेवाइकांना वाटतं, ब्रदर नुसते उभे आहेत. बॅगेवरचा नंबर, गट, मुदत आणि पेशंटचं नाव आम्ही दोघांनी ताडलेलं असतं, तरीही उभं राहायचं. एका बाईंची बॅग लागून सातआठ मिनिटं झाली असतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, कंबर भरून आली हो." मग हुडहुडी. रक्त मानवत नसल्याच्या खुणा. मी बॅग आधी बंद केली. सेट बदलून सलाईन लावलं, डॉक्टरांना बोलावलं, बॅग आणि रक्ताचा नमुना ब्लड बँकेत पाठवला. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. पण मी त्या क्षणी चहाला गेलो असतो तर 'कंबर दुखते' हे कुणाला सांगितलं असतं त्यांनी?

आमच्याकडे रात्री ४२ पेशंट आणि आम्ही दोघंच असतो. एकाजवळ पंधरा मिनिटं उभं राहिलं की बाकीचे एकेचाळीस एकटीवर. माणसं वाढवा, हे मी दर मीटिंगला बोलतो आणि बोलत राहणार.

लालबागची लेक

मी नर्स नाही. आईला पॅरालिसिस झाला तेव्हा सिस्टरनी मला नळीतून भरवायला शिकवलं: डोकं उंच ठेवायचं, आधी नळी जागेवर आहे का बघायचं, भरवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. डिस्चार्जच्या आधी त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं. आई घरी दीड वर्ष होती, पाठीला जखम झाली नाही.

धागाकर्ती

ताई, हे वाचून मुंबईचं केईएम हॉस्पिटल आठवलं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या निकालात त्या सेवेचा गौरव केला. पिढ्या बदलल्या, पण कूस बदलायची राहिली नाही.

निवृत्त परिसेविका

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी दुपारपाळीला होते, रात्री आठला सुटायचं. गाड्या बंद, रिलिव्हर नाही. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, शाळेतून घरी पोचली की नाही कळायला मार्ग नव्हता. पण ओव्हर द्यायला माणूस नसेल तर वॉर्ड सोडता येत नाही. मावशींनी डाळभात आणला, आम्ही पाळीपाळीने उभ्याउभ्या खाल्ला. दहाची औषधं दहाला गेली, पहाटेचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) पहाटे झालं, सगळं चार्टवर चढलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रिलिव्हर आली, कुर्ल्याहून पाण्यातून चालत, युनिफॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तिने कपडे बदलले. आम्ही एकेका खाटेपाशी गेलो. मॉर्फिनच्या अँप्युल मोजल्या, रजिस्टरवर दोघींच्या सह्या झाल्या, कपाटाची चावी तिच्या हातात दिली. मग मी फोन शोधायला खाली गेले.