भित्रा, भ्याड की भीरू? आयझूच्या एका सामुराईच्या निमित्ताने

प्रश्न : जपानमधील शोगुन (लष्करी सत्ताधीश) आणि सम्राट यांच्या पक्षांतील १८६८ च्या यादवीत सापडलेल्या, युद्धाची धास्ती घेतलेल्या आणि घराण्याचा मान की घरच्यांचा जीव या पेचात पडलेल्या सामुराईला मराठीत 'भित्रा' म्हणावे की 'भ्याड'? कोश पाहिला तर दोन्ही शब्द एकाच ओळीत बसवलेले दिसतात.

उत्तर : कोशात ते शेजारी असले तरी वापरात त्यांच्यात मोठे अंतर आहे. 'भित्रा' हा स्वभाव सांगतो. भित्री भागुबाई म्हणताना किंवा 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण वापरताना आपण कोणाच्या नीतीवर बोट ठेवत नाही. 'भ्याड' मात्र कृतीचा निवाडा करतो. निःशस्त्र माणसांवर बंदुका चालवणाऱ्यांच्या मनात भीतीचा लवलेश नसला, तरी त्या हल्ल्याला आपण 'भ्याड हल्ला'च म्हणतो, कारण तेथे प्रश्न भयाचा नसून नीचपणाचा असतो. 'भेकड' ही तर तोंडावर हाणलेली शिवीच आहे. याउलट 'भीरू' 'पापा'ला जोडला गेला की चक्क प्रशंसा होते. पापभीरू माणसाच्या हाती लोक निर्धास्तपणे किल्ल्या सोपवतात.

जपानी भाषेतही असाच भेद आहे. 'ओकुब्यो' म्हणजे भित्रेपणा. तो लिहिताना दुसरे अक्षर आजाराचे येते, म्हणजे तेथे भीती ही जडलेली व्याधी आहे. 'हिक्यो' म्हणजे भ्याड, हलकट वर्तन. आयझू संस्थानातील सामुराईंच्या लहान मुलांना जे नियम पाठ करावे लागत, त्यांत 'हिक्यो वर्तन करू नये' असा एक नियम होता आणि लगेच पुढचा नियम दुर्बळांना छळू नये असा होता. घाबरू नये, असे मात्र त्या यादीत कोठेही म्हटलेले नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता त्याच आयझूचा वंशपरंपरागत कारभारी साइगो तानोमो याचे उदाहरण घ्यावे. १८६२ मध्ये शोगुनने आयझूचा अधिपती मात्सुदाइरा कातामोरी याच्याकडे सम्राटाची राजधानी क्योतो हिच्या रक्षणाची जबाबदारी सोपवली, तेव्हा हे म्हणजे सरपण घेऊन आग विझवायला जाणे आहे, असे सांगून तानोमोने विरोध केला. परंतु शोगुनशी एकनिष्ठ राहावे ही घराण्याच्या मूळ पुरुषाची लेखी आज्ञा असल्यामुळे कातामोरीला नकार देता आला नाही आणि तानोमोला कारभारीपद गमवावे लागले. १८६८ मध्ये युद्ध दाराशी आल्यावर त्याला परत बोलावले गेले. शिराकावाच्या आघाडीवर त्याच्या हाताखालील फौजेचा मोठा पराभव झाला. त्यानंतरही तो शरणागतीचाच सल्ला देत राहिला आणि लढून मरण्याचा निर्धार केलेल्या सहकाऱ्यांच्या मनातून उतरला.

८ ऑक्टोबर १८६८ रोजी शत्रू, म्हणजे सम्राटाच्या पक्षाची फौज, आयझूच्या किल्ल्याखालच्या गावात शिरली. त्या दिवशी तानोमोच्या वाड्यात त्याची आई, पत्नी चिएको, बहिणी, लहान मुली आणि आश्रयाला आलेले नातलग अशा एकवीस जणांनी मरण पत्करले. तानोमो मात्र मुलाला घेऊन किल्ल्याबाहेर पडला, उत्तरेकडच्या हाकोदातेपर्यंत जाऊन लढला, पुढे निक्कोच्या तोशोगू देवस्थानात कातामोरीच्या हाताखाली सेवेला राहिला आणि १९०३ मध्ये वारला. त्याला 'भ्याड' म्हणणे मला साफ अमान्य आहे. ज्याने अप्रिय सल्ला धन्याच्या तोंडावर, पद जाईल हे ठाऊक असताना दिला, त्याचे वर्तन 'हिक्यो' कसे ठरेल? 'भित्रा' म्हणायचे तर निदान कशाला भ्याला हे लिहावे, आणि तो भ्याला असेल तर संस्थानाच्या विनाशाला.

मानासाठीचा शब्द निवडतानाही जपावे. 'इज्जत' आणि 'अब्रू' लोकांच्या डोळ्यांत असतात. त्या लुटल्या जातात, चव्हाट्यावर येतात. चिएकोने मरणापूर्वी लिहिलेल्या कवितेचा आशय असा, की वाऱ्याच्या मर्जीने डोलणाऱ्या कोवळ्या बांबूलाही न वाकणारी पेरे असतात, असे ऐकले आहे. तिने वापरलेल्या 'फुशी' या शब्दाचा अर्थ बांबूचे पेर, आणि त्याच अक्षराला निष्ठेचाही अर्थ आहे. मराठी 'पेर' या शब्दाला ती दुसरी छटा नाही. 'पीळ' सुचतो, पण सुंभ जळला तरी उरणारा पीळ हेकटपणाकडे झुकतो. म्हणून अनुवादात 'पेर' ठेवून जवळच 'सत्त्व' हा शब्द यावा, असे माझे मत आहे. 'अब्रू' येथे अजिबात नको, कारण हा मान कोणी पाहत नसतानाही टिकणारा आहे.

पुरवणी प्रश्न : मग 'यादवी' हा शब्द तरी बरोबर आहे का?

उत्तर : चालेल. प्रभासक्षेत्री एकमेकांना मारणाऱ्या यादवांची आठवण त्यात असल्याने 'गृहयुद्ध' या शब्दापेक्षा तो अधिक बोचतो. जपानी लोक या युद्धाला केवळ त्या वर्षाच्या नावाने, 'बोशिन' म्हणून ओळखतात. वर्षांच्या नावांचे त्यांचे चक्रही आपल्या संवत्सरांप्रमाणे साठांचेच आहे. 'बंड' हा शब्द मात्र टाळावा. विजेत्यांनी आयझूला सम्राटाचा शत्रू ठरवले खरे, पण त्यापूर्वी १८६३ मध्ये सम्राट कोमेइ याने कातामोरीच्या निष्ठेचे कौतुक करणारे पत्र स्वहस्ते लिहिले होते आणि कातामोरीने ते अखेरपर्यंत जपून ठेवले होते.