मदत हवी आहे: रासायनिक समीकरण जुळवताना मी नेमका कुठे चुकतोय?

कच्चा_हिशेब

नमस्कार मंडळी. मी पेशाने हिशेबनीस. दहावीनंतर विज्ञानाशी फारकत घेतली ती कायमची. आता भाचीला 'रासायनिक अभिक्रिया' शिकवायची वेळ आलीय आणि तिच्या प्रश्नांपुढे माझी बोलती बंद. (मोबाइलवर सूत्रांतले बारके आकडे टाइप होत नाहीत, म्हणून उच्चारतो तसंच लिहितोय.)

पुस्तक म्हणतं, अभिक्रियेत एकूण वस्तुमान वाढत नाही की घटत नाही. मग मॅग्नेशिअमची फीत जाळल्यावर होणारी पांढरी भुकटी फितीपेक्षा जड कशी? आणि मेणबत्ती जळते तेव्हा मेण जातं कुठे? एकीकडे वाढ, दुसरीकडे घट, आणि नियम म्हणतो सगळं जागच्या जागी. माझ्या धंद्यात असं झालं तर पोलीस येतात.

दुसरं, समीकरण. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, झालं पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. मी सरळ एचटूओचं एचटूओटू करून टाकलं. ताळा जुळला! बाईंनी वहीत लाल फुली मारली. पाण्याच्या आधी २ लिहायचा म्हणे. तो २ आणि माझा २, फरक काय?

त्यात हिंदी व्हिडिओ पाहिले. ते म्हणतात, पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू. पुस्तक म्हणतं, एका रेणूत तीन अणू. कोण खरं?

आणि जळताना उष्णता बाहेर पडते, तर मुळात काडी का लावावी लागते?

आगाऊ धन्यवाद.

परीक्षानळी

आधी व्हिडिओ बंद करा. दोघंही खरं सांगताहेत, शब्द वेगळे आहेत. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू आणि अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणू म्हणतात आणि दुसऱ्याला अणू. म्हणजे तोच शब्द, पण एक पायरी वर. दोन्ही भाषांतून एकदम शिकणारी मुलं हमखास इथेच अडखळतात, आणि तुमची फुलीही बहुधा याच घोळातून आलीय.

अभिक्रियेत अणू बदलत नाहीत, त्यांचे जोडीदार बदलतात. एचटूओमधला २ रेणूच्या आतला आहे: पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. तो आकडा पदार्थाची ओळख आहे. तुम्ही 'ओ' या अक्षराला आणखी एक २ जोडलात आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकलंत, जे ब्लीच करायला वापरतात. खातं जुळवायला ग्राहकाचं नावच बदलल्यासारखं झालं ना! सूत्राच्या आधी लिहायचा आकडा (सहगुणक) फक्त रेणू किती ते सांगतो. तेवढ्यालाच हात लावायचा.

म्हणून: हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, त्यातून पाण्याचे २. आता अणू मोजा. हायड्रोजन चार-चार, ऑक्सिजन दोन-दोन.

वजनाचं कोडं एकाच गोष्टीमुळे पडतं, आपण हवेला हिशेबात धरत नाही. २४ ग्रॅम मॅग्नेशिअम पूर्ण जळताना १६ ग्रॅम ऑक्सिजन हवेतून ओढून घेतं, म्हणून ऑक्साइड, म्हणजे ती पांढरी भुकटी, भरते ४० ग्रॅम. (जळती फीत उघड्या डोळ्यांनी टक लावून बघू देऊ नका.) मेणबत्तीचं उलट. मेण हे मिश्रण असतं, पण नमुन्यादाखल कार्बनचे २५ आणि हायड्रोजनचे ५२ अणू असलेला रेणू घ्या. असं ३५२ ग्रॅम मेण पूर्ण जळायला १२१६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तयार होतो ११०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४६८ ग्रॅम पाण्याची वाफ. दोन्ही बाजूंना १५६८. म्हणजे मेण 'नाहीसं' होताना त्याच्या साडेचारपट वजनाचे वायू हवेत जातात.

हे बंद भांड्यात वजनं करून दाखवणारा फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए पेशाने सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता, म्हणजे तुमच्याच गोतातला. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ मध्ये त्याच कामापायी त्याचा शिरच्छेद झाला, हे भाचीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

गंजलेला_खिळा

काडीबद्दल मी सांगतो. बंध म्हणजे अणूंना जोडून ठेवणारी पकड. बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे बंध जुळले की ऊर्जा सुटते. बरेच जण नेमकं उलटं पाठ करतात. वरचंच हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं उदाहरण घ्या: ३६ ग्रॅम पाण्याची वाफ बनवताना जुने बंध तोडायला सुमारे १३७० किलोज्यूल खर्च, नवे जुळताना सुमारे १८५० जमा. शिल्लक ४८०, तीच उष्णता. पण खर्च आधी असतो, जमा नंतर. काडी म्हणजे सुरुवातीचं भांडवल. पुढे जळणारा भागच शेजारच्या भागाला ते पुरवतो. खर्च जमेपेक्षा जास्त झाला तर अभिक्रिया उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषून घेणारी.

कच्चा_हिशेब

सुभानल्ला! आता लोखंड आणि ऑक्सिजनचं करून पाहिलं. लोखंड २, ऑक्सिजन दीड, एफईटूओथ्री (लोखंडाचं ऑक्साइड) १. दीड चालेल का?

परीक्षानळी

हिशेब अचूक आहे. पण एफईटूओथ्रीच्या एका रेणूसाठी ऑक्सिजनचा अर्धा रेणू कुठून आणणार? सगळ्याची दुप्पट करा: ४, ३, २. पडताळा घ्या, लोखंड २२४ ग्रॅम, ऑक्सिजन ९६, ऑक्साइड ३२०.

गंजलेला_खिळा

किरकोळ खुसपट: एफईटूओथ्रीचे सुटे रेणू नसतात, स्फटिक असतो, तिथे फक्त प्रमाण पाहायचं. आणि खऱ्या गंजात पाणीही धरलेलं असतं. माझ्या नावाला जागून बोललो.

परीक्षानळी

मान्य. ज्वलनाच्या समीकरणात कार्बन आधी, मग हायड्रोजन, ऑक्सिजन अगदी शेवटी जुळवा. तो सुटा असतो, त्याला हलवलं की दुसरं काही बिघडत नाही.

कच्चा_हिशेब

ब्यूटेन केलं, कार्बन ४, हायड्रोजन १०. ऑक्सिजन साडेसहा आला. भाचीच ओरडली, "मामा, दुप्पट!" ब्यूटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. बरोबर?

परीक्षानळी

बरोबर. आता वही तिच्याकडे द्या.