ऑटो मोड आणि पांढरा कापूस
एकांनी लिहिलंय की डिजिटल कॅमेरा ऑटोवर ठेवला की सगळं सांभाळून घेतो, फोटो पत्रकारितेच्या कोर्सची फी वाया. शहरातल्या रस्त्यावर फोटो काढताना ऑटो चालूनही जाईल. आमच्या यवतमाळकडे डिसेंबरात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आवारात उभं राहून बघा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं, असं धरून चालतं. त्यामुळे ढीगभर पांढरा कापूस राखेसारखा येतो आणि त्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा काळाठिक्कर. कोर्समधली माझी पहिली असाइनमेंट अशीच गेली. सरांनी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवल्यापेक्षा फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ वर न्यायला लावलं तेव्हा कुठे कापूस पांढरा झाला, डोळे दिसले. (शेतकऱ्याचं नाव-गाव वहीत न लिहिताच परतलो म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळीच.)